कॉकला हात लावायचा नाही

खोली दाखवताना काकूंनी पाणी किती वाजता येतं ते सांगितलं नाही. नोकरी कुठे, जेवणाचं काय, रात्री परत यायला उशीर होईल का, यातलंही काही विचारलं नाही. दारात उभं राहून त्यांनी एकच प्रश्न केला, "किक मारता येते का?"

येते म्हटल्यावर त्या खाली घेऊन गेल्या. बिबवेवाडीतली जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली इमारत. पार्किंगच्या कोपऱ्यात, विजेच्या मीटरच्या फळीपासून थोडी अलीकडे, एक काळी मोटरसायकल उभी होती. टाकीवर पिवळी रेघ, सीट नव्याने शिवलेली, आरसा एकच. "मारा," काकू म्हणाल्या. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. काकूंनी डोळे मिटून थोडा वेळ आवाज ऐकला आणि विचारलं, "सामान कधी आणताय?"

अटी त्यांनी जिना चढताना सांगितल्या. रोज सकाळी गाडी एकदा चालू करायची, वर चहाला उकळी येईपर्यंत चालू ठेवायची. आठवड्यातून एकदा परिसरात फेरी मारायची, कारण एका जागी उभं राहून टायर बसतात. आणि पेट्रोलच्या कॉकला हात लावायचा नाही.

जुन्या मोटरसायकलींना टाकीच्या खाली पेट्रोलची छोटी तोटी असते. तिला सगळे कॉक म्हणतात. गाडी लावली की कॉक आडवा करून पेट्रोल बंद करायचं आणि निघताना तो पुन्हा खाली करायचा, ही त्या काळातल्या गाडीवाल्यांची हाताची सवय होती. काकूंच्या गाडीचा कॉक कायम उघडा असे. आणि म्हणून ती गाडी गळत असे.

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. ट्रंक बंद झाले, बोर्ड भंगारात गेले, काकू निवृत्त झाल्या. पण बोलणं तिथलंच राहिलं. दार वाजलं की त्या आतूनच म्हणत, "बोला." कोणी पाल्हाळ लावला की म्हणत, "तीन मिनिटं झाली." दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसला तर काउंटरवर बोटाने टकटक करून, "लाइन खाली करा." एखादं काम झालं नाही तर "लागला नाही", झालं तर "लागला". त्यांना वाईट वाटलं, राग आला किंवा आनंद झाला, तरी आवाजाची पट्टी बदलत नसे. वर्षानुवर्षं लोकांच्या कानात मृत्यूच्या आणि बारशाच्या बातम्या जोडून दिल्यावर आवाजाचं असं होत असावं.

मी वाशीमकडची, नुकतीच एका दैनिकात लागलेली. काकूंनी नाव विचारलं, ऐकलं आणि पुढे कधी वापरलं नाही. त्या 'वार्ताहर' म्हणत, आणि अहो-जाहो करत. सकाळी जिन्यातून हाक येई, "काय करून राहिल्या वार्ताहर? गाडी वाट बघतेय." माझं 'करून राहिले' त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचललं होतं आणि ते त्या फक्त माझी उठण्याची वेळ टळली की काढत.

गळतीचं स्वरूप सांगायला हवं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो. टाकी भरली की चेंडू वर येतो आणि पाणी थांबतं. कार्बोरेटरमध्ये तेच काम एक छोटा फ्लोट करतो. खालच्या वाटीत पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येतो आणि एका बारीक सुईने पेट्रोलची वाट बुजवतो. सुई नीट बसली नाही तर पेट्रोल येतच राहतं, वाटी भरून वाहते आणि जास्तीचं पेट्रोल खालच्या नळीतून टपकतं. गाडी चालू असताना ते कळत नाही. उभ्या गाडीखाली मात्र सकाळपर्यंत डाग पडतो. कॉक बंद असेल तर सुई कितीही झिजलेली असली तरी थेंब पडत नाही, कारण वरून पेट्रोलच येत नाही.

हे काकूंना माहीत होतं. मिस्त्रीला माहीत होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही माहीत होतं.

मिस्त्री चौकातल्या पिंपळाखाली बसे. मूळचा लातूरकडचा, तोंडात सतत बडीशेप. त्याने पहिल्यांदा कार्बोरेटर उघडला त्या दिवशी मी तिथे होते. सुई उजेडात धरून तो म्हणाला, "काकू, सुई गेलीया. बदलू. पर कॉक बंद करत जावा की. काय अवघड हाय त्यात?"

"ते सोडून सांगा," काकू म्हणाल्या.

"आवो, पण समदी दुनिया..."

"दुनियेची गाडी आणलेली नाही. माझी आणलीय."

सुई बदलली. काकूंची एक पद्धत होती, ती एक्स्चेंजमधून आली होती. लाइनमध्ये दोष असेल तर एका वेळी एकच जोड सोडवायचा, मग कानाला लावून ऐकायचं. दोन जोड एकदम सोडवले तर लाइन सुरू झाली तरी दोष कुठे होता ते कळत नाही. म्हणून त्या मिस्त्रीला एका वेळी एकच गोष्ट बदलू देत. मग संध्याकाळी गाडीखाली वर्तमानपत्राचं पान पसरत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उचलून वर घेऊन येत. पेट्रोल उडून जायचं, पण कागदावर पिवळट कडा राहायची. त्या कडेवरून निकाल ठरे. पान नेहमी आमच्याच दैनिकाचं असे, आणि शक्यतो माझी बातमी असलेलं.

"आज तुमचा रस्तारुंदीचा तिसरा परिच्छेद भिजला," त्या चहा ओतताना सांगत. "तो नसता तरी चाललं असतं."

सुईने फरक पडला, पण डाग राहिला. मग फ्लोट. मिस्त्रीने तो गरम पाण्यात बुडवून धरला. बुडबुडे आले असते तर भोक आहे असं ठरलं असतं. आले नाहीत. मग टाकी. टाकी आतून गंजली होती, गंजाचा कण सुईखाली अडकत असेल म्हणून ती उतरवून धुतली, मधल्या नळीत जाळी बसवली. सकाळी काकू पान घेऊन वर आल्या, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "लागला नाही."

एकदा त्यांनी स्वतःच वाटी उघडली. मिस्त्री गावी गेला होता आणि फ्लोटची जिभली थोडी वाकवली की पेट्रोलची पातळी खाली येते एवढं त्यांनी बघून ठेवलं होतं. स्टीलच्या ताटात सगळे भाग मांडून, चष्मा कपाळावर आणि बारीक पक्कड हातात, अशा त्या दुपारभर पार्किंगमध्ये स्टुलावर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल वाहत पार गटाराच्या जाळीपर्यंत गेलं होतं. सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन धावत आले.

"बाई, हे काय आहे?"

"जिभली उलट्या दिशेला वाकवली गेली," काकू म्हणाल्या. "म्हणजे बरोबर दिशा कुठली ते कळलं."

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ होते. त्यांची हरकत चुकीची नव्हती. मीटरची फळी जवळ होती, सुट्टीत मुलं तिथेच क्रिकेट खेळत. त्यांनी फळ्यावर खडूने सूचना लिहिली: गळकी वाहने पार्किंगमध्ये लावू नयेत. काकूंनी ती उभं राहून पूर्ण वाचली. "गच्ची गळते ती कुठे लावायची, तेही लिहा," म्हणाल्या आणि भाजी घेऊन वर गेल्या. सेक्रेटरींनी गच्चीचं काम पुढच्याच आठवड्यात काढलं. सूचना पुसली नाही.

काकूंचे यजमान महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं हे त्यांचं काम. भल्या पहाटे निघायचं, या पेठेचा व्हॉल्व्ह उघडायचा, त्या पेठेचा बंद करायचा, वाटेत लोकांची बोलणी खायची. गाडी त्यांची. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर फोटो होता. त्याला हार नव्हता. "हार घातला की माणूस फोटोतच बसतो," एवढंच काकू म्हणाल्या होत्या. त्यांच्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. गाडीबद्दल बोलत.

आणि स्वतः गाडीवर कधी बसत नसत. दर आठवड्याला मी फेरीला निघताना विचारायची, "येताय का मागे?" त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी बुकिंग केलेलं नाही." मग गाडी चौकातून वळेपर्यंत गॅलरीत उभ्या राहत, आणि परत येताना मी दिसण्याआधी, गाडीचा आवाज ऐकूनच, चहाचं आधण ठेवत.

काकू आता नाहीत. मी सध्या वापरते ती स्कूटर विजेवर चालते. तिला किक नाही, कॉक नाही, आवाजही नाही. ती चालू आहे की बंद, हे समोरच्या दिव्याकडे बघून ठरवावं लागतं. कचेरीच्या तळघरात शेकडो दुचाकी असतात आणि पेट्रोलचा वास येत नाही. सोय मोठी आहे. तरी कधीकधी सकाळी उठल्यावर, कुठलं पान भिजलं ते सांगणारं कोणी नाही, हे नव्याने लक्षात येतं. माझ्या बातम्या तेवढ्या बारकाईने नंतर कोणी वाचल्या नाहीत. संपादकांनीही नाही.

काकूंचा मुलगा वाघोलीला राहायचा. आयटीत होता, नवीन फ्लॅट घेतला होता, त्यात आईसाठी एक खोली रंगवून तयार ठेवली होती. दर शनिवारी तो यायचा, आणि दर शनिवारी तोच विषय निघायचा. मुलगा मनाने चांगला होता. त्याला आईची काळजी होती आणि ती लपवायची कशी हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो वैतागल्यासारखं बोलायचा.

"आई, थर्ड फ्लोअर, लिफ्ट नाही, तुझे गुडघे. आणि वर ती गाडी. इट्स अ फायर हॅझर्ड, अगं."

"वाघोलीला गाडी ठेवायला जागा आहे?"

"एकच पार्किंग आहे, तिथे कार असते. तुला माहितीय ते."

"मग कशी येऊ?"

एका शनिवारी त्याने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे गाडी हे एकच कारण आहे?"

"हो."

"उद्या सोसायटीनेच गाडी काढायला लावली, तर येशील?"

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मुलाने आपल्याला बोलण्यात पकडलं हे त्यांना कळलं होतं, आणि मला वाटतं, त्याचं थोडं कौतुकही वाटलं होतं. "येईन," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"जोडून दिलेला कॉल मी कधी तोडला नाही."

त्यानंतर महिन्याभरात सोसायटीच्या सभेची सूचना लागली. विषयांत गाडीचा विषय होता. काकूंचं घर त्या एका विषयावर येऊन थांबलं. त्या घरात त्या लग्न झाल्यापासून राहत होत्या. खालच्या वाण्यापासून वरच्या गच्चीतल्या कबुतरांपर्यंत सगळ्यांशी त्यांचं जुनं भांडण होतं. ते सोडून जायचं की नाही, हे एका सुईने पेट्रोल अडवण्यावर आलं होतं.

मिस्त्रीने मनापासून प्रयत्न केले. वाटीचं पॅकिंग बदललं, नवा फ्लोट आणला, सुई पुन्हा एकदा बदलली. मग भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. "काकू, सुई नवी हाय, फ्लोट नवा हाय. पर सुई जिथं टेकती ती पितळी बैठकच खाल्लीया. ह्या मॉडेलात ती बदलता येत नाय. कार्बोरेटरच दुसरा लागंल." कंपनीने तो बनवणं केव्हाच सोडलं होतं. जुन्या बाजारातून त्याने त्याच जातीचा एक शोधून आणला, रॉकेलमध्ये धुतला, बसवला. सभेच्या आदल्या सकाळी काकू पान घेऊन वर आल्या. या वेळी त्यांनी निकाल सांगितला नाही. पान घडी करून रद्दीत ठेवलं.

"काकू," मी म्हटलं, "उद्याच्या दिवसापुरता कॉक बंद ठेवू. सभा झाली की उघडू."

"वार्ताहर," त्या म्हणाल्या, "तुम्ही बातमीत असं करता का?"

सभा पार्किंगमध्येच झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. गाडी सगळ्यांच्या समोर उभी होती. सेक्रेटरींनी विषय वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून, घरच्यासारखं बोलले. "बाई, आमचं गाडीशी वैर नाही. तुमच्या यजमानांची आहे, आम्हालाही आदर आहे. त्यांनी या इमारतीला कधी पाणी कमी पडू दिलं नाही. तुम्ही फक्त गाडी लावल्यावर कॉक बंद ठेवत जा. मी हा विषय इथेच मागे घेतो."

लोकांना हायसं वाटलं. कोणीतरी "बरोबर आहे" म्हणालंही. मुलगा मागे, खांबाला टेकून उभा होता.

"ते जमणार नाही," काकू म्हणाल्या.

"अहो, पण का?"

"जमणार नाही, हे उत्तर आहे. कारणासाठी वेगळा कॉल लावावा लागेल."

दोघे-तिघे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी आणखी एकदा विचारलं, बऱ्याच सौम्यपणे. काकूंनी मान हलवली. ठराव झाला. हात वर झाले, पण सावकाश.

वर आल्यावर मुलगा चहा करायला आत गेला. काकू पलंगाच्या कडेला बसल्या. मी म्हटलं, "काकू, एवढीशी तर गोष्ट होती." माझ्या आवाजात राग असावा, कारण त्यांनी मान वर करून बघितलं. मग त्यांनी सांगितलं, एखाद्या गावाचा नंबर सांगावा तसं.

"माझं माहेर मांजरीचं. वडील आजारी होते. एक दिवस उजाडता उजाडता निरोप आला की लगेच निघा. मुलाला शेजारी ठेवलं आणि गाडीवर निघालो. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर गाडी बंद पडली. यांनी प्लग काढला, पुसला. परत लावला. किक मारतायत, मारतायत. कांद्याचे ट्रक चालले होते. मी पिशवी घेऊन फुटपाथवर बसले होते. बसल्या बसल्या माझं लक्ष गेलं, तर कॉक आडवा. आदल्या दिवशी बंद केलेला. वाटीत होतं तेवढं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालली आणि थांबली. हे दिवसभर शहराचे व्हॉल्व्ह बघणार, आणि स्वतःच्या गाडीचा बघायचा राहिला. मी म्हटलं, अहो, कॉक. त्यांनी उघडला. एका किकला सुरू झाली."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पोचलो तेव्हा वडील नुकतेच गेले होते. हात गरम होता अजून. आई म्हणाली, दाराकडे बघत होते."

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"यांनी मला कधी 'चुकलं' म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी कॉक बंद केला नाही. एकदाही नाही. गाडी गळायला लागली, लोक बोलायला लागले, तरी नाही. मांजरीला मात्र पुन्हा या गाडीने नेलं नाही. बसने जाऊ म्हणायचे. आता तो मी बंद करायचा म्हणजे काय, सांगा. ते जे बोलले नाहीत, तेवढंच माझ्याकडे आहे."

मुलगा दारात उभा होता, हातात चिमटा. त्याने ही हकीकत पहिल्यांदा ऐकली होती. "आई," तो म्हणाला, "तू राहा इथेच. मी बोलतो सेक्रेटरींशी. सगळं सांगतो त्यांना."

"काही सांगायचं नाही. ते बरोबर आहेत. खाली मीटर आहेत, पोरं खेळतात." मग म्हणाल्या, "आणि मी शब्द दिलाय. चहा उतू जातोय."

गाडीचं काय करायचं ते त्यांनी सभेच्या आधीच ठरवून ठेवलं असावं. मांजरीला त्यांचा धाकटा भाऊ अजून जुन्या घरी राहत होता. बाकी शेतीवर इमारती आल्या होत्या, पण घरामागे उसाचा एक तुकडा आणि गोठ्याची पत्र्याची शेड त्याने राखली होती. फोनवर त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आक्का, इचारती काय? हितं आणून लाव की. हितं कोण बोलणारंय?"

टेम्पोने पाठवू, असं मुलगा म्हणाला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. "वार्ताहर, रविवारी सुट्टी आहे का?"

रविवारी सकाळी त्या खाली आल्या त्या इस्त्रीचं सुती लुगडं नेसून, हातात पिशवी आणि डोक्यावर मुलाचं लाल हेल्मेट. हेल्मेट अंबाड्यावर अडून कपाळावर आलं होतं. पार्किंगमध्ये सेक्रेटरी उभे होते. पुढे होऊन त्यांनी फाटक पूर्ण उघडलं. मी किक मारली. काकू एका बाजूला पाय टाकून मागे बसल्या, इतक्या सहज की मधली सगळी वर्षं त्या जणू रोजच बसत आल्या होत्या.

मार्केट यार्डाचा कोपरा आला तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. मी वेग कमी केला नाही. पुढचा चौक गेला, कांद्याचा वास मागे राहिला, तेव्हा हात सैल झाला. हडपसरच्या गर्दीत त्या एकदाच बोलल्या. "दुसरा गिअर टाका. आवाज ओढल्यासारखा येतोय." मांजरीला रेल्वेचं फाटक बंद होतं. आजूबाजूच्या गाड्यांनी इंजिनं बंद केली. मी हात किल्लीकडे नेला.

"बंद करू नका," काकू मागून म्हणाल्या.

आगगाडी निघून जाऊन फाटक वर होईपर्यंत आमची एकटी गाडी धडधडत राहिली. लोक बघत होते. पेट्रोलचा हलका वास येत होता.

भाऊ रस्त्यावर येऊन थांबला होता. पांढरी टोपी, पायात रबरी चप्पल, चेहरा काकूंचाच. घर बैठं होतं, दोन्ही बाजूंनी उंच इमारतींच्या सावलीत. अंगणात काकू उतरल्या, हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि तिथेच उभ्या राहिल्या. समोर घराचं दार होतं, उघडं. आतल्या खोलीत खिडकीपाशी एक जुना लोखंडी पलंग दिसत होता. आता त्यावर धान्याची पोती होती. काकू पलंगाकडे बघत होत्या. पलंगावरून दार सरळ दिसत असणार.

भावाने हँडल माझ्याकडून घेतलं, गाडी ढकलत शेडमध्ये नेली, डबल स्टँडवर चढवली. मग खाली वाकून टाकीजवळ नाक नेलं.

"आक्का, वास यितोय. कॉक उघडाच हाय की ह्यो," तो म्हणाला, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने तो आडवा केला.

मी पुढे झाले. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात कोरडा होता आणि पकड अजिबात घट्ट नव्हती.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पोचलो."